सगळी चूक दादाचीच

४ फेब्रुवारी

डोकं फुटायची वेळ आलीय म्हणून लिहितेय. नाहीतर लिहिण्याशी माझा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला.

आज मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून घंटेच्या आधी वर्गात पोचतो. त्यांच्या बाथरूमची फरशी आम्ही मागच्या आठवड्यात बसवली. आम्ही म्हणजे दादाने. मी माल कालवला, फरशा उचलून दिल्या आणि सांधे भरले. दादाच्या हाताखाली हिवाळाभर टिकलेय, माझ्यासाठी हा विक्रमच. याआधी फेरीबोटीवर तिकिटं फाडली, कुत्र्यांच्या पाळणाघरात कुत्री सांभाळली, एका फिरत्या फोटोवाल्याच्या छत्र्या वाहिल्या. फोटोवाला तसा बरा होता, पण एके दिवशी माझ्याकडे बघून ज्या तऱ्हेने हसला त्यावरून मी ओळखलं की मी त्याला नकोशी झालेय. दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. असो, त्याचं काय.

तर बाथरूम. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराशी तळं करून बसतं. बाईंनी बादली ओतून दाखवलं. नापास मुलाचा पेपर वर्गापुढे धरावा तसा चेहरा. दादा गुडघ्यांवर बसला, त्या पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चूक माझी आहे."

अजून लेव्हल लावली नव्हती. उतार मोजला नव्हता. बूटसुद्धा काढले नव्हते. आधी चूक कबूल, मग चौकशी. न्यायाधीशाला एवढं सोपं गिऱ्हाईक कधी मिळालं नसेल.

७ फेब्रुवारी

कळलं. प्लंबरने केलं.

जाळी तो लावणार होता, म्हणून दादाने जाळीभोवतीची एक फरशी ठेवून बाकी सगळं उतारात बसवलं होतं. या महाशयांना खालचा पाइप जुळेना. मग त्यांनी जाळीच दोन बोटं वर घेतली, शेवटची फरशी स्वतःच चिकटवली आणि शीळ घालत घरी गेले. आज फोडल्यावर दिसलं. प्लंबरला बोलावलं तर हसत म्हणतो, "हां हां, सांगायचं राहून गेलं बघ." जसं काही लग्नाचं आमंत्रण द्यायचं राहिलं.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, वही आईच्या हाती लागायची. बाईंनीसुद्धा कान टवकारले. आणि दादा काय म्हणाला असेल? "जाळी लागल्यावर मी येऊन बघायला हवं होतं." वर प्लंबरची माफी मागितली, सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून!

मी थापी फेकली. बादलीत पडली, कोणाला लागली नाही. दादाने ती उचलली, धुतली, पुसली. "भिंगरी, तुला या कामात आणलं हीच माझी चूक."

भिंगरी म्हणजे मी. एका जागी ठरत नाही म्हणून.

१५ फेब्रुवारी

मधले दिवस दादा एकटाच "काम बघायला" जात होता. मला वाटलं नवी कामं. आज वहिनीला तिच्या चष्म्याच्या दुकानात दंतवैद्याच्या माणसाचा फोन आला, तुमच्या यजमानांना घेऊन जा. वहिनीपुढे गिऱ्हाइकांची रांग होती, म्हणून मला पाठवलं.

दंतवैद्याच्या दवाखान्याची फरशी दादाने कित्येक वर्षांपूर्वी बसवलेली. खुर्चीवर एक काका तोंड उघडं टाकून आडवे आणि खुर्चीखाली आमचा दादा पालथा. कान जमिनीला लावून थापीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवून बघत होता. खाली माल नीट भरला नसेल तर फरशी पोकळ वाजते, भरला असेल तर भरीव. वाजवायची असते बसवल्यावर. तेव्हा. इतक्या वर्षांनी पेशंटच्या पायाखाली नाही.

दंतवैद्य भला माणूस. म्हणाला, "मीही असंच ठोकून बघतो. पण ज्याचा दुखतोय त्याचा." काकांना हसू आलं आणि तोंडातली नळी सुटली.

मी दादाला दंडाला धरून बाहेर आणला. समोर दोन माणसं एक पियानो हातगाडीवर चढवत होती, एक ढकलत होता आणि दुसरा नुसता सल्ले देत होता. मी जरा बघत उभी राहिले. तेवढ्यात दादा पुन्हा आत निघाला, कपाटाखालची एक ओळ राहिली म्हणून.

विचारलं, किती पोकळ निघाल्या. म्हणे, एक. आणि ही काही पहिली जागा नाही. बेकरी झाली, वाचनालय झालं, दोन घरं झाली. लोक आधी चहा विचारतात, मग एकमेकांकडे बघतात.

"आणि भरीव वाजल्या त्यांचं काय, दादा?"

तो विचारात पडला. खरंच पडला, जसं हे कधी सुचलंच नव्हतं. मग म्हणाला, "त्या अजून पोकळ झाल्या नाहीत."

मी भर रस्त्यात ओरडले. पियानोवाले काम सोडून माझ्याकडे बघायला लागले. बघेनात का.

१६ फेब्रुवारी

काल ते पियानोवाले मला वेडी समजले असणार. सल्ले देणारा तर नक्कीच. दिवसभर त्याचंच तोंड डोळ्यांसमोर. परत भेटला तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय.

२३ फेब्रुवारी

आज आईशी वाजलं. चांगलंच वाजलं.

दादा चार दिवस कामाला गेला नाही. केशकर्तनवाल्याच्या दुकानाची फरशी अर्धी बसवून तशीच पडलीय. सकाळी उठतो, अंथरुणाच्या कडेला बसतो, एक मोजा घालतो आणि तिथेच थांबतो. दुसरा मोजा हातात. वहिनी चहा देते, तो निवतो. आई पुढच्या खोलीत शेजारणीला सांगत होती की पोराने कामाचं फार मनाला लावून घेतलंय. लहानपणापासून असाच, भारी समजूतदार. आणि मग ती आरशाची गोष्ट. आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली आहे. बहुतेक मांजरानेसुद्धा.

गोष्ट अशी. दादा आठ-नऊ वर्षांचा. आई कपाटावरचा मोठा आरसा एकटीने उतरवत होती, हात सटकला, आरशाचे तुकडे झाले. बाबा बाहेरून आले, त्यांचा राग म्हणजे घर थरथरायचं. कोणी काही विचारायच्या आत दादा म्हणाला, "मी मध्ये आलो म्हणून पडला." मार खाल्ला. आईने सांगू दिलं, मार खाऊ दिला, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव समजूतदार.

शेजारीण म्हणाली, अशी मुलं मिळायला भाग्य लागतं. मी दारातूनच म्हटलं, "आरसा तू फोडलास आई. आता तरी सांग, तू फोडलास."

आईचा चेहरा असा झाला की क्षणभर माझी जीभ अडखळली. पण अडखळली तेवढीच. मी म्हटलं, ज्याला तू समजूतदारपणा म्हणतेस तो त्याला आतून खातोय. घरात दूध उतू गेलं तरी त्याची चूक, बस चुकली तरी त्याची, बाबा गेले तेव्हा हा त्यांच्या उशाशी बसून डोळे पुसत म्हणत होता की मी दवाखान्यात आधी न्यायला हवं होतं. आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. किती जबाबदार मुलगा!

शेजारीण चप्पल शोधायला लागली. आई एवढंच म्हणाली, "आणि तू? तुझी चूक कधी असतेच कुठे?"

हे काय उत्तर झालं? विषय काय, ही बोलते काय.

२६ फेब्रुवारी

वहिनी दुकानातून आली ती थेट स्वयंपाकघरात. पदर खोचला, भाजी घेतली, आणि चिरता चिरता मला सांगितलं. आवाज अगदी साधा. काल दादा तिला म्हणाला, "मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं सोपं झालं असतं." उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं.

माझ्या हातात बटाटा होता. तो कुठे गेला आठवत नाही.

वहिनीने सुरी खाली ठेवली. म्हणाली, परवाची वेळ घेतलीय डॉक्टरची, मनाच्या डॉक्टरची. सासूबाई काय म्हणतील ते म्हणोत. तू येतेस. आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही, मी दुकानात असेन तेव्हा तू, तू नसशील तेव्हा मी.

आई म्हणाली, माझा मुलगा वेडा नाही. वहिनी म्हणाली, "वेडा नाहीच आहे, आजारी आहे. त्याला घेऊन चाललेय, तुमची परवानगी मागत नाहीय." या घरात आल्यापासून वहिनीने आईला उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

२८ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणजे स्वेटर घातलेला, पेन्सिल हरवणारा माणूस. तीन वेळा हरवली, तिन्ही वेळा कानामागे होती.

त्याने दादाला सरळच विचारलं, मरायचा विचार येतो का. मी खुर्चीतून उठलेच, असं कोणी विचारतं का? पण दादा बावरला नाही. उलट खांदे खाली आले त्याचे, जसं कोणी हातातली गोण घेतली. म्हणाला, "येतो. पण मागचं आवरणार कोण, म्हणून थांबतो." वहिनीने त्याचा हात धरला आणि नंतर सोडलाच नाही.

डॉक्टर बराच वेळ बोलला. गोळ्या दिल्या, आठवड्याने बोलावलं, विचार वाढले तर वेळ-काळ न बघता कुठे फोन करायचा ते लिहून दिलं. मग समजावलं की नैराश्य कोणालाही येऊ शकतं, पण काही स्वभावांना ते लवकर गाठतं. जो स्वतःला सतत दोष देतो. ज्याला काम एकदम चोख झालं नाही तर ते वायाच गेलं असं वाटतं. जो झालेली गोष्ट मनात घोळवत बसतो, तिचा चोथा झाला तरी. ज्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून आपल्याबद्दलचं वाईटच वाचता येतं. ज्याला सगळं एक तर उत्तम नाहीतर भिकार, मधलं काही दिसत नाही. हे कोणी ठरवून करत नाही, म्हणाला. काही जन्मतः असतं, काही घरात शिकलं जातं. बदलतं, पण हळू.

मी म्हटलं, म्हणजे फिरून चूक याचीच! प्लंबरची नाही, आईची नाही, बाबांची नाही, तर याच्या स्वभावाची! पावती फाडायला तुम्हालाही हाच सापडला!

डॉक्टर चिडला नाही. त्याचाच जास्त राग आला. माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि तुम्ही? झोप लागते का?"

माझा काय संबंध? मी सोबत आलेली. लागते म्हटलं. खोटं बोलले, पण तो त्याचा प्रश्नच नव्हता. "एका ठिकाणी फार टिकत नाही वाटतं," म्हणाला. कशावरून? वहिनीने सांगितलं असणार. किंवा माझ्या बुटांवरून. लोक बुटांवरून ठरवतात माणसाची लायकी. तो मनात काय म्हणाला असेल ते मला शब्दाशब्दाने माहीत आहे.

१ मार्च

जे होणार म्हटलं होतं तेच झालं. सकाळी दादा पहिल्यांदा आपणहून बोलला. मी आशेने जवळ गेले.

"माझा स्वभावच वाईट आहे, भिंगरी. डॉक्टरसुद्धा म्हणाले. तुम्हा सगळ्यांना माझ्या स्वभावाचा त्रास."

मी दार आपटून बाहेर गेले. मग वहिनीला दिलेला शब्द आठवला, तशीच परत आले आणि उंबऱ्यात पाठ करून बसले. त्या स्वेटरवाल्याला फोन केला आणि जे तोंडाला येईल ते सुनावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, असं होतं बऱ्याचदा, ज्याच्या हातात दोषाचीच थापी आहे तो आजारालाही तीच लावतो. फरशीवाल्यांसाठी खास बनवलेलं वाक्य असणार. त्याच्या आवाजावरून वाटलं, तिकडे हसत होता.

९ मार्च

डॉक्टरकडून नवीन व्यायाम मिळालाय. रोज संध्याकाळी दादाने एक गोष्ट सांगायची, जी बिघडली पण ज्यात त्याची चूक नव्हती.

पहिल्या दिवशी तो तासभर बसून राहिला. चेहरा बघवत नव्हता. शेवटी म्हणाला, "मला एवढंसुद्धा जमत नाही." वहिनीला इतकं हसू फुटलं की ती ओट्याला धरून उभी राहिली. हसता हसता रडायला लागली. दादा घाबरला. मी मात्र चिडले, कारण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग मलाही आलं. आई पुढच्या खोलीतून विचारते, काय झालं, काय झालं. कोण सांगणार!

आज त्याने सांगितलं, "बस उशिरा आली." आम्ही वाट बघत राहिलो. तो पुढे काहीतरी जोडणार होता, ओठ हलले. जोडलं नाही. बस उशिरा आली, एवढंच.

१४ मार्च

फेरीबोटीवरच्या मैत्रिणीचा फोन. मोठ्या बोटीवर जागा आहे, लगेच ये म्हणाली. पिशवी भरायला घेतली.

इथे माझं कोण ऐकतं? आई बोलत नाही. डॉक्टर मला मूर्ख समजतो. वहिनी मनातून कंटाळली असणार, माझा आरडाओरडा ऐकून कोणीही कंटाळेल. फरशीतलं मला धड काही येत नाही, येणारही नाही. मी कुठेही गेले की तिथलं बिघडतंच, तर बिघडायच्या आत निघालेलं बरं.

मग मागे बघितलं. दादा दारात उभा. पायात एकच मोजा. पिशवीकडे बघत होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला वाचता आलं नाही, आणि चेहरे वाचण्यात तर माझा हात कोणी धरत नाही.

पिशवी रिकामी केली. रागाने केली, हे लिहून ठेवते.

२७ मार्च

केशकर्तनवाला घरी आला. शिव्या द्यायला आला असणार म्हणून मी आधीच सुरू झाले. तर तो हात जोडून म्हणतो, ताई, दादांची तब्येत विचारायला आलो. बरं, आलाच आहात तर बसा, असं म्हणायची वेळ आली. दुकान अजून बंद. ओळखीच्या माणसांचे केस घराच्या अंगणात कापतोय, वारा आला की शेजारी भांडतात.

मी सांगून टाकलं, उरलेली अर्धी फरशी मी बसवते. तोंडातून निघून गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "तुम्ही?" मी म्हटलं, का, बाईच्या हाताने लावलेल्या फरशीवर केस पडत नाहीत का?

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, बरं. नुसतं बरं. विचारलं तरी असतं, जमेल का म्हणून. पण हल्ली तो सकाळी दोन्ही मोजे घालतो. कोपऱ्यापर्यंत चालून येतो. डॉक्टर म्हणाला, एवढ्यात उड्या मारायच्या नाहीत, मागेपुढे होणारच. मी कुठे उड्या मारतेय?

५ एप्रिल

संतापाने लिहितेय, अक्षर लागणार नाही.

आज फरशी संपत आली. भिंतीकडची शेवटची ओळ तेवढी बसवत होते. दोरी बांधून, सगळं शिकवलं तसं. केशकर्तनवाला मागे उभा राहून गाणी म्हणत होता आणि मधूनमधून "वा" म्हणत होता. दुपारी दारात सावली पडली. दादा. एवढ्या लांब चालत आला होता, एकटा, वहिनीला सांगून.

उंबऱ्याशी थांबला. आत नजर टाकली. मला कळलंच. ओळ आरशाकडून सरळ निघते आणि खिडकीखाली पोचेपर्यंत बोटभर तिरकी होते. दोन फरशांच्या कडा वर आल्यात, अनवाणी माणसाला ठेच लागेल. मला आधीच दिसलं होतं. दिसलं तेव्हाच वाटलं की सगळंच गेलं, सगळी फरशी भिकार, मीच भिकार, उगाच राहिले, बोटीवर गेले असते तर बरं झालं असतं. तरी पुढे लावत राहिले. काय करणार होते?

दादा वाकला. तिरक्या सांध्यावरून बोट फिरवलं. त्याच्या तोंडावर ते आलं. मला ते येताना दिसलं, तसं आरशाच्या दिवसापासून सगळ्यांना दिसत आलंय. म्हणाला, "मी तुला नीट..."

मी फुटले. म्हटलं, बोल! नीट शिकवलं नाही म्हण! तुझीच चूक म्हण! जगात जे काही वाकडं आहे ते तू वाकवलंस, म्हण एकदाचं, आणि जा घरी, बस एक मोजा घालून!

केशकर्तनवाल्याचं गाणं थांबलं.

दादा उभा राहिला. श्वास घेतला. रागाने लाल झालेला दादा मी आजवर पाहिला नव्हता, म्हणून आधी ओळखूच आला नाही.

"नाही," तो म्हणाला. "मी तुला नीट शिकवलं होतं. दोरी दर तीन फरशांनी तपासायची, दोनदा सांगितलं होतं. बाईंकडे सांगितलं आणि त्याच्या आधी बेकरीत. तू ऐकलं नाहीस. तेव्हा तू बाहेर मांजर बघत होतीस. ही तुझी चूक आहे, भिंगरी."

मी म्हटलं, भिंतच तिरकी आहे. तो म्हणाला, भिंत सरळ आहे. मी म्हटलं, हा माणूस कानाशी गात होता. केशकर्तनवाला म्हणाला, मला यात घेऊ नका. मी म्हटलं, कटर बोथट आहे, उजेड कमी आहे, तू महिनाभर अंथरुणात होतास. दादा एकेक ऐकत गेला आणि एकेकाला नाही म्हणत गेला. आवाज चढवून. माझ्यावर. ज्याने प्लंबरची माफी मागितली तो माणूस! रस्त्यावरून जाणारे डोकावले. मी त्यांच्या अंगावर ओरडले, तर दादा म्हणाला, त्यांचा काय संबंध, इकडे बघ.

मग म्हणाला, "बाकीची फरशी चांगली बसवलीयस. ही एक ओळ वाईट आहे. एक ओळ काढू, उरलेली ठेवू." असं मधलं काही असतं हे मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे हद्द झाली.

बाहीने डोळे पुसले. सिमेंट गेलं होतं. दादाने छिन्नी माझ्या हातात दिली. स्वतः हात लावला नाही, खुर्चीवर बसून बघत राहिला, आणि मी माझी ओळ काढली.

जेवताना मी त्याच्याशी बोलले नाही. वहिनीने विचारलं, आजची गोष्ट कोणती, ज्यात तुझी चूक नव्हती? दादाने पाणी पिता पिता माझ्याकडे बोट दाखवलं. आईला खोकल्याची उबळ आली. वहिनी खाली मान घालून हसत होती. सगळ्यांना मजा वाटतेय.

भर दुकानात, परक्या माणसासमोर माझा अपमान केलाय त्याने. मी त्याच्याशी बोलणार नाही. उद्या सकाळी दोघांनी मिळून ती ओळ पुन्हा बसवायचीय, लवकर निघायचंय. तेव्हाही बोलणार नाही.